मिरजेहून वारज्याला: आईचे शेवटचे महिने आणि त्यानंतरचा नाताळ

आई २९ नोव्हेंबर २०२४ला, शुक्रवारी पहाटे, मिरजेतल्या आमच्या घरी वारली. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. नाताळ होऊन गेलाय, आता जानेवारीत हे लिहितेय. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या काही घरांतून फोन येतात, 'पुण्याला कुठे नेलं होतं, खर्च किती आला, मॉर्फिन कुठून मिळालं.' प्रत्येकाला सांगताना काहीतरी सांगायचं राहतंच. म्हणून घडलं त्या क्रमाने एकदा सगळं लिहून ठेवते.

आई नर्स होती, पप्पा लॅबमध्ये. मिरजेत यात नवल नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून इथल्या ख्रिस्ती घरांतून नर्सेस आणि कंपाउंडर निघतच आलेत. पप्पा २०१६ला गेले. दवाखान्याची भीती आमच्या घरात कुणालाच नव्हती. भीती वाटली ती दवाखान्याने 'आता आमच्याकडे काही नाही' म्हटल्यावर.

जूनमध्ये तिच्या पोटात वरच्या बाजूला दुखायला लागलं आणि ते पाठीत जायचं. पित्ताच्या गोळ्या झाल्या. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात डोळे पिवळे दिसले, आणि आईनेच आरशात बघून सांगितलं, "ही साधी कावीळ नाही." सोनोग्राफी, सीटी स्कॅन, बायोप्सी. गाठ यकृतापर्यंत पोचलेली होती. पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे वाट मोकळी ठेवणारी बारीक नळी, टाकला तेव्हा कावीळ उतरली. तपासण्या आणि स्टेंट धरून साधारण ऐंशी हजार आमच्या खिशातून गेले. केमो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसली. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, तिथे रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन जायचं. आईचं नाव दोन्हीकडे वेगवेगळं लिहिलेलं होतं, त्यात मंजुरी लांबली. घरात कुणी आजारी नसतानाच सगळ्यांची नावं एकसारखी करून घ्या, एवढं कळकळीने सांगते.

सप्टेंबरच्या शेवटी स्कॅन झाला. गाठ वाढली होती, आणि आई पलंगावरून बाथरूमपर्यंत जाताना दोनदा बसत होती. डॉक्टरांनी केमो थांबवली. ते बरोबरच होतं, पुढचा डोस तिला झेपला नसता. पण पुढचं वाक्य होतं, "घरी न्या, सेवा करा." सेवा करायची म्हणजे काय करायचं, रात्री दोनला आई विव्हळायला लागली तर कुणाला फोन करायचा, हे कुणीच सांगितलं नाही. डिस्चार्ज कार्डावर दुखण्याच्या गोळ्या लिहिल्या होत्या, त्या चार दिवसांतच पुऱ्या पडेनात.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी मॉर्फिन सुचवलं. मी आणि दादा मिरज आणि सांगलीतली मोठमोठी मेडिकल पालथी घालून आलो, कुठेच नाही. एका दुकानदाराने तर चिठ्ठीवरचं नाव वाचून आमच्याकडे संशयाने बघितलं. नंतर कळलं ते असं: १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे मॉर्फिन ठेवणं इतकं किचकट झालं होतं की दुकानांनी आणि रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडून दिलं. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, मॉर्फिनसह काही औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती देणं सोपं झालं. पण म्हणून प्रत्येक गावात अशी संस्था झाली असं नाही. मॉर्फिन ज्या अफूपासून बनतं, ती औषधी अफू आपल्याच देशात, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात, परवान्याने पिकवली जाते, आणि आपलीच माणसं वेदनेने तळमळतात. याचा राग मला अजून येतो.

आमची एक मावसबहीण पुण्यात नर्स आहे. ती म्हणाली, "ताई, मेडिकलमध्ये शोधू नकोस, पॅलिएटिव्ह केअरचं सेंटर शोध." म्हणजे आजारातलं दुखणं आणि त्रास कमी करणारी सेवा. केरळमधली पॅलियम इंडिया ही संस्था देशभरातल्या अशा केंद्रांची राज्यवार यादी ठेवते, ती पाहिली. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन आहे, १९८६चं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात शेवटच्या दिवसांत सांभाळणारं ठिकाण. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं केंद्र आहे, १९९७पासून चालू असलेलं. कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या नातेवाइकाला तिथे पैसे पडत नाहीत. आम्ही वारजं ठरवलं. आधी फोन केला, कागद सांगितले ते गोळा केले: बायोप्सीचा रिपोर्ट, शेवटचा स्कॅन, सगळी डिस्चार्ज कार्डं, कॅन्सरच्या डॉक्टरांचं पत्र, आईचं आणि माझं आधार. जायच्या आधी फोन करूनच जा. रुग्णाची सगळी हकिगत आणि सोबत कोण राहणार हे ते आधी विचारून घेतात.

आता आईला सांगायचं कसं, यावर घरात दोन दिवस कुजबुज चालली. आत्या म्हणाली, हॉस्पिस हा शब्द तिच्यासमोर काढूच नका. आईला सगळं ऐकू येत होतं. तिने मला बोलावलं आणि म्हणाली, "मी वॉर्डात आयुष्य काढलंय. मला काय झालंय ते तुमच्या आधी कळलंय. तिथे दुखायचं थांबवतात का, तेवढं विचार."

७ ऑक्टोबरला सोमवारी निघालो. अॅम्ब्युलन्सचे साडेआठ हजार. पेठ नाक्यापर्यंत आईच्या पाठीखाली दोन उशा आणि एक दुपटं लागलं. मग हायवेला लागल्यावर तिला डोळा लागला. कराड, सातारा, खंबाटकी घाट. ज्यांना न्यायचंय त्यांनी पहाटे निघा, दुखण्याच्या गोळीची वेळ साधून निघा, उलटीसाठी पिशव्या आणि ओला रुमाल हाताशी ठेवा.

पहिल्याच संध्याकाळी तिथल्या डॉक्टरांनी खाटेशेजारी खुर्ची ओढली आणि आईला विचारलं, "शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. आत्ता किती?" आई म्हणाली, "आठ." इतक्या महिन्यांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. आम्हीही "दुखतंय का गं?" एवढंच विचारत होतो, आणि ती "थोडंसं" म्हणत होती.

मॉर्फिनच्या साध्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या, दर चार तासांनी, घड्याळ लावून. दुखायची वाट बघायची नाही, दुखणं वर यायच्या आधीच पुढची गोळी द्यायची. मधेच कळ आली तर एक जादा डोस ठरवून दिलेला असतो. बद्धकोष्ठ होतंच, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत. पहिले दोन-तीन दिवस मळमळ आणि गुंगी राहते, मग कमी होते. सवय लागेल, श्वास बंद पडेल, लवकर मरण येईल, या सगळ्या शंका मी विचारल्या. वेदनेच्या मापाने हळूहळू वाढवलं तर यातलं काही होत नाही, हे त्यांनी दोनदा समजावलं. आईची शंका वेगळीच होती. तिच्या काळी वॉर्डात मॉर्फिनच्या इंजेक्शनची अँप्यूल दुहेरी कुलपात असायची आणि रजिस्टरवर सही केल्याशिवाय हलायची नाही. "हिच्या हातात एवढ्या गोळ्या देणार, मग हिशेब कोण ठेवणार?" ती म्हणाली. सिस्टरने एक वही दिली, रोजची वेळ, गोळी आणि शिल्लक लिहायची. आईला ते पटलं. आपल्या खाटेवरची बाई जुनी नर्स आहे हे कळल्यावर तिथे सगळे तिला 'सिस्टर' म्हणायला लागले. तिचा चेहरा त्या हाकेने बदलायचा.

चौथ्या दिवशी दुखणं दोनवर आलं. तरी ती रात्री झोपेना. डॉक्टर म्हणाले, गोळी वाढवण्याआधी जरा बोलू या. तिथल्या समाजसेविका दुपारी येऊन बसल्या. मला बाहेर जायला सांगितलं नाही, मी कोपऱ्यात होते. बराच वेळ त्या आईच्या नोकरीबद्दल, पप्पांबद्दल विचारत राहिल्या. मग आई एकदम म्हणाली, "त्यांच्या शेजारी जागा आहे की नाही, ते माहीत नाही मला."

पप्पांच्या कबरेशेजारी म्हणायची होती ती. आमची दफनभूमी जुनी, दाटीची. २०१६ला शेजारची जागा राखून ठेवायचं बोलणं झालं होतं, पण पावती झाली की नाही हे कुणाच्या लक्षात नव्हतं. आणि मरणाचं बोलणं आम्हीच घरात होऊ देत नव्हतो, तर ती विचारणार कुणाला? दादा दुसऱ्या दिवशी दफनभूमीच्या समितीच्या सेक्रेटरींकडे गेला. जुनं रजिस्टर निघालं, नोंद सापडली, पावतीची रक्कम बाकी होती ती भरली. पाळकसाहेबांनी मंडळीच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून सही-शिक्का दिला. दादाने फोटो पाठवला. आईने चष्मा मागून घेतला, फोनवर बोटांनी मोठं करून वाचलं, आणि त्या रात्री झोपली. मॉर्फिन तेवढंच होतं.

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी हेच मांडलं होतं, की माणसाची वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि श्रद्धेची मिळून एकच असते आणि एकच धागा ओढून ती सुटत नाही. त्या आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. हे समाजसेविकांनी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणूनच तिला कळलं."

मला त्या दिवसांत बरंच शिकवलं. कूस कशी बदलायची, चादर न ओढता माणूस कसा सरकवायचा, पाठीला आणि टाचांना जखम होऊ नये म्हणून कुठे बघायचं, तोंड ओल्या गॉजने कसं पुसायचं. आई पडल्या पडल्या माझ्या चुका काढायची.

२१ ऑक्टोबरला घरी आलो. घराची तयारी दादा-वहिनींनी केली होती. दवाखान्याची खाट भाड्याने, महिना अडीच हजार. हवेची गादी विकत, तीन हजारांच्या आसपास. व्हीलचेअर मंडळीतून मिळाली. रात्रीसाठी एक मावशी ठेवल्या, रात्रीचे सातशे. महिन्याभरात सगळ्यात मोठा खर्च तोच झाला, पण रात्रीची झोप मिळाल्याशिवाय दिवसा माणूस उभा राहत नाही, हे सिस्टरने बजावलं होतं. मॉर्फिनचा खर्च शून्य. आमचे फॅमिली डॉक्टर दर आठवड्याला घरी यायचे, आणि वारज्याचा फोन हाताशी होता. घरीच मृत्यू होऊ द्यायचा असेल तर असा एक डॉक्टर आधीपासून घरी येत राहणं फार गरजेचं आहे. कारण पुढे कागदांच्या भागात येईल.

नोव्हेंबरच्या मध्याला मंडळीतली तरुण पोरं आली. पेटी, ढोलकी घेऊन. त्यांच्या मनात होतं की आजींसाठी नाताळगीतं लवकर म्हणावीत, चांदणी लावावी, केक कापावा. आई उठून बसली. म्हणाली, "अजून आगमनाचा रविवार यायचाय. नाताळ नाताळाला. आज भजन म्हणा." आगमनाचा रविवार म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ सुरू होतो तो. पोरं बावरली, मग तिने सांगितलेली भजनं म्हटली. तिने शेवटी बायबलमधलं तेविसावं स्तोत्र वाचायला लावलं आणि सगळ्यांना चहा द्यायला सांगितला. मला तेव्हा वाईट वाटलं होतं, पोरं एवढ्या हौसेने आली होती म्हणून. आता वाटतं, तिला आजारी माणसाचा नाताळ नको होता. तिला रोजचा दिवस हवा होता, आणि तो तिला मिळाला, कारण दुखणं दोनच्या वर गेलं नाही.

शेवटच्या आठवड्यात तिने खाणं सोडलं. आत्या वरणभाताचं मऊ करून भरवायला बघायची. वारज्याच्या सिस्टर फोनवर म्हणाल्या, शरीरच आता मागत नाही, जबरदस्ती करू नका, ओठ ओले ठेवा. सलाइन लावायचा हट्टही शेजाऱ्यांनी केला. डॉक्टरांनी समजावलं की त्या पाण्याने सूज आणि छातीतली घरघर वाढेल. घरघर तशीही थोडी झाली. ती ऐकताना जीव कासावीस होतो, पण माणसाला त्याचा त्रास होत नसतो, एका कुशीवर वळवलं की कमी येते. गिळता येईना तेव्हा औषध कातडीखाली बारीक सुईतून दिलं. हात-पाय गार पडायला लागले तेव्हा आम्हाला कळलं, कारण हे सगळं आधी सांगितलं गेलं होतं. दादा, वहिनी, मी, सगळे जवळ होतो. पहाटे सव्वाचारला ती गेली.

कागद. घरी मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला नमुना ४-अमध्ये लागतो, आणि तो शेवटच्या आजारात उपचार करणारे डॉक्टरच देतात. आमचे डॉक्टर सहाला आले, तपासलं, दाखला दिला. हा डॉक्टर नसेल तर भल्या पहाटे धावाधाव होते. मग मंडळीचं पत्र, दफनभूमीची नोंद. सुताराने शवपेटी दुपारपर्यंत दिली, सात हजार. खणणाऱ्या माणसांचे तीन हजार. शनिवारी ३० तारखेला दफनविधी झाला, पप्पांच्या शेजारी. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. आमच्याकडे ती सांगली मिरज कुपवाड महानगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात. सोबत आईचं आधार, नमुना ४-अ, दफनाची पावती. पहिली प्रत विनामूल्य मिळते. बँक, पेन्शन, विमा, मिळकत पत्रिका, सगळीकडे लागते म्हणून आणखी प्रती तेव्हाच मागून घ्या, आणि मराठी-इंग्रजी दोन्ही नावं अक्षर अक्षर तपासा. आमच्या मसुद्यात पप्पांच्या नावात एक मात्रा चुकली होती, खिडकीवरच दुरुस्त झाली.

दफनाच्या दुसऱ्या दिवशी १ डिसेंबर, आगमनकाळाचा पहिला रविवार. मी चर्चला गेले नाही. दादा गेला.

डिसेंबरच्या मध्याला वारज्याहून समाजसेविकांचा फोन आला. मला वाटलं कागद राहिला असेल काही. त्या म्हणाल्या, "पहिला सण जड जातो म्हणून फोन केला. काय करणार आणि काय नाही करणार, ते तुम्ही सगळ्यांनी बसून आधी ठरवा." रुग्ण गेल्यावर घरच्यांची विचारपूस हा या सेवेचाच भाग असतो, हे मला माहीत नव्हतं. त्यांनीच सांगितलं की इंग्लंडमध्ये कितीतरी हॉस्पिसांत डिसेंबरमध्ये झाडावर गेलेल्या माणसांच्या नावाने दिवे लावतात, घरचे लोक जमतात, नावं वाचली जातात.

आमच्याकडे वाद होता. आत्याचं म्हणणं, वर्ष पुरं होईपर्यंत घरात सण नाही, चांदणी लावली तर लोक काय म्हणतील. दादाचं म्हणणं, आईने एकही नाताळ चांदणीशिवाय जाऊ दिला नाही. एका रात्री सगळे जेवणानंतर बसलो. चांदणी लावायची, फराळ आपण तळायचा नाही, लोक आणतील तो घ्यायचा. कॅरोलची पोरं आली तर दार उघडायचं, पण दहा मिनिटं. २५ला उपासनेनंतर दफनभूमीत जायचं. आत्याला रडू आलं, पण तिने मान्य केलं, आणि चांदणीचा बल्ब तिनेच आणला.

२४च्या रात्री पोरं आली. दहा मिनिटं म्हटलं होतं, तासभर बसली. या वेळी नाताळगीतंच म्हटली. २५ला चर्चमध्ये पहिल्या गाण्याला माझा आवाज निघाला नाही. वहिनीने माझं पुस्तक धरलं. शेजारच्या हिंदू आणि मुसलमान घरांतून करंज्या, शंकरपाळे, शीरखुर्मा आला. दिवाळीला आणि ईदला आई दोन्ही घरांत केक द्यायची, त्याची ही परतफेड. ३१च्या रात्री उपासनेत पाळकसाहेबांनी वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचली. आईचं नाव 'सिस्टर' लावून वाचलं. ते दादाने सांगून ठेवलं होतं, मला माहीत नव्हतं.

मधे, नाताळानंतरच्या शनिवारी, मी कोयना एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन आले. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या परत करायच्या होत्या. त्या घरात ठेवायच्या नाहीत, कुणाला द्यायच्याही नाहीत, ज्यांनी दिल्या त्यांनाच परत. हिशेबाची वही सोबत नेली. सिस्टरने गोळ्या मोजल्या, वहीशी जुळल्या. मी आभाराचं पत्र नेलं होतं, पण वाचून दाखवता आलं नाही, हातात दिलं. त्यांनी आईची आठवण काढली, वॉर्डातल्या चादरीच्या कोपऱ्याची घडी ती कशी सुधारून दाखवायची ते सांगितलं. नवीन आलेल्या मुलींना आता तशी घडी शिकवतात म्हणाल्या.

एक गोष्ट आवर्जून. ही सेवा सगळे उपाय थकल्यावरच घ्यायची असं नाही. केमो चालू असतानाही पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर दुखणं, मळमळ, झोप आणि भीती यावर काम करतात. तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना पहिल्या भेटीतच विचारा, इथे कोण आहे, नसेल तर जवळ कुठे आहे.

भाड्याची खाट परत केली. हवेची गादी, तिचा पंप, पाठीला लावायच्या दोन उशा आणि व्हीलचेअर चर्चच्या मागच्या खोलीत ठेवलंय. मिरज-सांगलीत कुणाला लागलं तर मला कळवा, दादा स्कूटरवरून आणून देईल. भाडं नाही, अनामत नाही. व्हीलचेअरचं डावं ब्रेक जरा दाबून लावावं लागतं.